दोनशे सात नंबरची चाबी

६ सप्टेंबर, शनिवार

आला! कागद आला! ताबापत्र! घर नंबर २०७, दुसरा मजला, अन् खाली नाव कोणाचं? कौशल्या भगवंत. माहं!

सोळा वर्षं पंजाबरावच्या एका खोलीत काढले. नळ वीस मिनिटं. संडास चार घराईत एक. पाहुणा आला की घरमालक दारात उभाच — "किती दिवस राहणार हायेत?" आता विचार म्हणा कोणाले विचारतं तं!

दोन वर्षं झाले सोडतीत नाव निघून. योजनाच अशी की घर बाईच्या नावानं. आमच्या हिश्शाचं सगळं भरून झालं होतं, इमारतच पुरी होत नव्हती. आता झाली. कागदावर लिहिलं आहे — १९ तारखेच्या आत लाभार्थीनं स्वतः येऊन चाबी घ्यावी, नाही घेतली तं घर यादीतल्या पुढच्याले जाईन. आचलनं तीनदा मोठ्यानं वाचलं. बारावीची पोरगी, पलंगावर झेंडूच्या टोपल्याईच्या मधात बसून अभ्यास करते. म्हणे, "आई, मले खिडकीजवळचा कोपरा." म्हटलं, सगळी खिडकीच घे!

भगवंतनं (तोंडानं नवऱ्याचं नाव घेत नाही मी, इथं कोण पाहून राहिलं!) हिवरखेडले मायले फोन लावला. गल्लीत जाऊन बोलला. आत आला तं चेहरा पडलेला. "माय म्हणते, पितर लागून राहिले. पितरात नव्या घराची चाबी हातात घ्यायची नाही."

हापीस आज-उद्या बंद. सोमवारपासून पितृपक्ष. घट बसतात २२ तारखेले. मुदत १९! तीन दिवसानं हुकलं! तीन दिवस!


८ सप्टेंबर, सोमवार

म्हटलं, राह्यले नका जाऊ पितरात. सामान नका नेऊ. नारळ नका फोडू. पण चाबी तं आणू द्या! चाबी म्हणजे काय वास्तुशांती आहे काय?

"मायचा शब्द मोडू काय?"

मायचा शब्द! सासरे गेले तवापासून बुढीचा शब्द म्हणजे सरकारचा हुकूम. तिचं काय जाते? धाकट्याजवळ हिवरखेडले राहते, मोठं अंगण, विहिरीले पाणी. इथं येऊन एक दिवस पंजाबरावच्या संडासच्या लायनीत उभी राह्य म्हणा, मंग सांग पितर!

डोक्यात नुसती तिडीक चालू आहे. हार गुंफता गुंफता दोन वेळा सुई बोटात गेली.


९ सप्टेंबर

दहा दिवस.


१० सप्टेंबर, बुधवार

बुढीले मीच फोन करावा अन् सरळ बोलावं, असं आचल म्हणते. पण फोन चंदाचा. चंदा म्हणजे माही जाऊ. दोन वर्षं झाले तिच्याशी बोलणं नाही — महालक्ष्म्या कोणाच्या घरी बसवायच्या याच्यावरून. ती चार लोकाईत म्हटली, "भाड्याच्या खोलीत लक्ष्म्या बसते का कुठी?" ते मी इसरणार नाही. मी तिच्या फोनवर "चंदा, जरा आत्याबाईले दे वो" म्हणू? जीभ झडली तरी नाही.

सायंकाळी हा घरी आला तोच तोंड वाकडं करून. पानठेल्यावर पोट्टे चिडवून राहिले म्हणे. "भगवंतभाऊ घरजावई होऊन राहिले! बायकोच्या घरी चालले!" मले हासू आलं. मी बी म्हटलं, "मंग? भाडं घेईन तुमच्याजवळून!" तो हासला नाही. जेवला बी नाही नीट. एवढी काय मजाक झोंबते माणसाले!


१२ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी दुकान माणिकबाईवर सोडलं अन् आचलले घेऊन इमारत पाहून आली. माणिकबाईची भाजीची गाडी माह्या गाडीले लागूनच आहे, राजापेठच्या चौकात. ती म्हणे जा वो, मी पाह्यतो तुही फुलं, पितरात कोण घेते तशीही.

दुसऱ्या मजल्यावरची तिसरी खिडकी आपली. खालून नुसती पाह्यली. मधात जाता येत नाही, चाबी नाही ना! आपलं घर अन् आपण खाली चोरावानी उभे!

खालच्या मजल्यावर एका घराचं सामान चढून राहिलं होतं. कूलर, शिलाई मशीन, लेकरू. त्या बाईले म्हटलं, पितरात आले तुमी? ती म्हणे, "ताई, भाड्याची खोली सोडा लागली. आमचे पितर समजदार आहेत."

आमचेच काहून येडे निघाले मंग?


१३ सप्टेंबर

आज भांडण. आचलनं कानात बोटं घालून गणितं सोडवले. मी म्हटलं, एकटी जातो अन् घेऊन येतो, नाव माहं आहे. तं तो चिल्लावला — "नाव नाव काय लावलं! नावाचा लय माज आला का?"

माज! मी हार गुंफले पहाटेपासून, मी फारम भरले, मी लायनीत उभी राह्यली, मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार चकरा मारल्या. हा कुठी होता? बैलावानी मायच्या मागं!


१५ सप्टेंबर, सोमवार

बरं झालं! आज तो स्वतः हापीसात जाऊन आला. म्हणे साहेबाले भेटलो, अर्ज देला, पितराचं कारण सांगतलं, मुदत वाढवून देतात. घट बसले की दोघं जोडीनं जाऊ अन् चाबी घेऊ.

एवढा जीव हलका झाला की मी कांद्याच्या पातीचा झुणका केला, त्याले आवडते तसा. माफी बी मागतली. उगाच बोलली म्हटलं मी. तो खाली मान घालून जेवला.

बुढीवरचा राग काही गेला नाही. तिच्यापायी माह्या घरात आठ दिवस आग लागली.


१६ सप्टेंबर

झेंडू कोणी विचारत नाही. पितर संपले की ह्याच फुलाले भाव येईन. आज अर्धी टोपली गाईले टाकली.


१८ सप्टेंबर, गुरुवार

आज लिहायचं मन नाही. तरी लिहितो.

सकाळी माणिकबाई म्हटली, "मुदत वाढवली त्याचा कागद हाये का तुह्याजवळ? तोंडी बोलण्याले काही अर्थ नसते वो." तशीच ऑटो करून हापीसात गेली. आकांक्षा मॅडम म्हणून एक पोरगी बसते तिथं, आमच्या आचलपेक्षा आठ-दहा वर्षानं मोठी असन. फाइल काढली. म्हणे, "ताई, तुम्ही तर घर नाकारलंय."

काय?

अर्ज पुढं ठेवला. "घरगुती अडचणीमुळे मी सध्या ताबा घेऊ शकत नाही." खाली सही — कौशल्या. मी म्हटलं, यात नाकारलं कुठी आहे? सध्या लिहिलं आहे ना! ती म्हणे, "ताई, आमच्याकडे दोनच खाने आहेत. ताबा घेतला, नाहीतर नाकारला. 'सध्या'चा खाना नाही. मी तुमच्या मिस्टरांना तेव्हाच सांगितलं होतं. ते म्हणाले, चालेल." यादीतल्या पुढच्या बाईले फोन गेला होता. उद्या अकराले ती येऊन राहिली माही चाबी न्यायले!

चालेल! चालेल म्हणे!

मंग मी ती सही पाह्यली. इंग्रजीत होती. मी सही मराठीत करतो, पूर्ण नाव, जन्मात कधी इंग्रजीत केली नाही. एवढ्या जोरात वरडली की आजूबाजूचे बाबू उठून उभे राह्यले. "ही सही माही नाही! काढा माहा पहिला फारम! लावा बाजूले!"

लावला. दोन सह्या शेजारी-शेजारी. आंधळ्यालेही दिसलं असतं. मोठे साहेब आले. म्हणे, लिहून द्या — सही माझी नाही, अन् कोणाची आहे तेही लिहा. मी कागद घेऊन बाकावर बसली. पहिली ओळ लिहिली पटकन. दुसरी लिहिता येईना. आपल्याच हातानं आपल्या नवऱ्याले खोटं ठरवायचं, अन् ते बी सरकारी कागदावर! मंग आचलचा खिडकीजवळचा कोपरा डोळ्यासमोर आला. लिहिलं — ही सही माझे पती भगवंत यांनी केली.

साहेब म्हणे, पोलिसात द्यायचं का? म्हटलं, नाही. मले घर पायजे, केस नाही. म्हणे, मग हा अर्ज रद्द करतो, उद्या सकाळी येऊन चावी घ्या.

घरी येऊन विचारलं, सही काहून मारली? तं म्हणे, "मायसाठी. तुले माहीत आहे ना तिचा सभाव." पन्नाशीले आला अन् अजून मायच्या धाकानं खोट्या सह्या मारते! मी म्हटलं, पितर तुह्या बापाचे असतील, घर माहं आहे! तोंडातून निघून गेलं. सासऱ्याईनं मले कधी एक वाकडा शब्द बोलला नव्हता. पण आता वापस घेत नाही मी. म्हातारीनं घेऊ दे वापस तिचे नेम!


१९ सप्टेंबर, शुक्रवार

चाबी भेटली.

साडेदहाले जाऊन बसली. ती बाई बी आली, अकराच्या आधीच. तिशीची असन. नवरा सोबत, हजेरी बुडवून आला होता. बाईच्या पिशवीतून नारळाची शेंडी दिसून राहिली होती. मॅडमनं तिले बाजूले नेऊन सांगतलं. तिनं एकदा माह्याकडं पाह्यलं. चार शिव्या देल्या असत्या तं बरं वाटलं असतं. नवरा म्हणे, "चल," अन् ते गेले.

तिच्या घरी बी पितर असतीलच ना! तरी आली होती नारळ घेऊन.

मंग मी सही केली. मराठीत. पूर्ण नाव. मॅडम म्हणे, ताई हळू, कागद फाटेल.

आचलले शाळेतून घेऊन सरळ इमारतीत गेली. कुलूप उघडलं. नवीन चुन्याचा वास. ओटा, मोरी, आपला स्वतःचा संडास — दार लावून आचल मधून वरडली, "आई, याले आतून कडी आहे!" नळ सोडला तं आधी हवा, मंग गढूळ पाणी, मंग साफ. बंदच करू वाटेना. खाली फरशीवर दोघी बसलो. रडू यायले पायजे होतं. आलं नाही. रागच एवढा भरला होता की दुसऱ्या कशाले जागाच नव्हती.

त्याले दाखवली चाबी. म्हणे, "मायले काय सांगू?" म्हटलं, सांग, सुनेनं नाक कापलं.


२० सप्टेंबर

एका खोलीत तीन माणसं अन् दोघं बोलत नाही. "बाबाले विचार चहा घेता का." "आईले सांग नाही." आचल म्हणे, मले दोन हजार पगार द्या.


२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. सासऱ्याईच्या नावानं पान वाढलं, कढी-वडे सगळं केलं. मनातल्या मनात म्हटलं, मामंजी, माहं बोलणं पोटात घाला. कावळा आला लवकर.

उद्या बुढी येऊन राहिली हिवरखेडवरून. येऊ दे! पंधरा दिवसाचं सगळं जमवून ठेवलं आहे. आत्याबाई, तुमाले लेक पायजे का लेकाचा संसार? तुमच्या एका शब्दापायी माह्या माणसाले खोटी सही मारा लागली. तुमच्या नेमापायी एक गरीब बाई नारळ घेऊन आली अन् तशीच गेली. तोंडावर म्हणणार! आजवर उलटून बोलली नाही, उद्या बोलणार!


२२ सप्टेंबर, सोमवार

आत्याबाई ऑटोतून उतरल्या. डोक्यावर घटासाठी शेतातली माती. टोपलं खाली ठेवायच्या आधीच म्हणे, "चाबी घेतली ना वो कौशल्या? मी तं त्याले त्याच दिवशी फोनवर सांगतलं होतं, चाबी आधी घेऊन ठेवा, राह्यले घट बसल्यावर जा. चाबीले कायचे पितर?"

मी भगवंतकडं पाह्यलं. तो झेंडूच्या टोपलीत हात घालून नुसता उभा. मंग म्हणे, "तुह्या घरात मी कसा राहू? पानठेल्यावर सांगतलं होतं, हापीसवाले काही म्हणो, मुदत टळली की कागद नवऱ्याच्या नावानं करून भेटतात."

चाब्या दोन आहेत. दुसरी त्याच्यासाठी ठेवली होती. ती आत्याबाईच्या पदराले बांधली.