आईच्या पायाखालची फळी

बाबा, आईचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं, पण घरी आल्यावर बाई पायच वाकवेना. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "आंटीजी, दो हफ्ते में नहीं मोड़ा तो ऐसा ही रह जाएगा." म्हणून खुर्चीत बसून पायडल मारायचं यंत्र आणलं. चौथ्या दिवशी त्याचं उजवं पायडल तुटलं. पुण्याहून दादा फोनवर म्हणतो, नवीन मागव, आठ दिवसांत येईल. त्याला काय जातंय बोलायला! गुडघा थांबणार होता का आठ दिवस?

पायडलची लोखंडी पट्टी शाबूत होती, वरचं प्लास्टिक तेवढं गेलं होतं. तिथे लाकूड बसेल हे मला दिसत होतं. तुम्ही होतात तेव्हा शाळेत पोरांना सुतारकाम शिकवायचात आणि छत्रीबागेतल्या जुन्या घरी दादाला. मी पटाशीला हात लावला की म्हणायचात, "ठेव ती. तुझं काम नाही हे. जा, चहा टाक." मी चहा टाकायचे आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायचे. माझं सगळं शिक्षण त्या दारातलं.

जुनी इंदूर भागातल्या लाकडाच्या टालीवरून, म्हणजे वखारीतून, सागवानाचा तुकडा आणला. इथे विजय नगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कापला, पॉलिश पेपरने घासला आणि कडेशी सरळ स्क्रू पिळले. दुसऱ्याच दिवशी आईच्या पायाखाली फळी चिरली. आई पडली नाही, पण घाबरली ती घाबरलीच. "मला नको तुझं ते जुगाड," म्हणाली आणि पाय पलंगावर घेऊन बसली. मी चिरलेली फळी घेऊन परत टालीवर गेले. टालवाला म्हणतो, "दीदी, पहले छेद तो करो." आता बघा, दारातून मला तुमची पाठ दिसायची. स्क्रू पिळताना कोपर हलायचं ते दिसायचं. त्याआधी गिरमिटाने भोक पाडायचात, ते पाठीआड राहून गेलं.

दुसरी फळी नीट भोकं पाडून, कडेपासून दोन बोटं आत स्क्रू घेऊन बसवली. पट्टीसकट काढून जमिनीवर टेकवली आणि तिच्यावर मी स्वतः उभी राहिले. तरी आई पाय ठेवेना. तीन दिवस वाया गेले, गुडघा लाकडासारखा. शेवटी मी खोटं बोलले. म्हटलं, "अगं, ही दुसरी फळी बाबांच्या हातची आहे. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत मिळाली, मी फक्त बसवली." आईने फळीवरून हात फिरवला आणि पाय ठेवला.

काल गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकला. आई फिजिओवालीला सांगत होती, "इनके हाथ का काम है, इसमें खोट नहीं निकलेगी." मी तिथेच उभी होते. तुमचा राग आला, बाबा, खरंच आला. हे लिहिलेलं आईच्या हाती लागलं तर ती फळीवरचा पाय काढून घेईल, म्हणून वहीतच ठेवते. पण माझी फळी तुमची म्हणून खपली, हे ऐकून मी आत गेले आणि एकटीच हसले.