तुझ्या नावची गळाभेट

चंदननगर
कोजागरी, दुपार

प्रिय शिबू,

दशमी होऊन गेली, विजयेची गळाभेट घे. मिठूला आणि जावईबापूंना आशीर्वाद. माझं विजयेचं पत्र कोजागरी उजाडली तरी निघालं नाही असं आजवर झालं नव्हतं, तेव्हा एव्हाना तू मला मनातल्या मनात चार शिव्या घालून मोकळा झाला असशील. घाल. या खेपेला मी त्यांना पात्र आहे.

तुझं पत्र सप्तमीलाच हातात पडलं. 'पुढच्या महिन्यात जगद्धात्री पूजेला येईन म्हणतो, तिकीट काढायचं आहे. हारूचं मन बघ. तो मला दारात उभं करील का, एवढंच लिही.' एवढंच लिही म्हणतोस, आणि मला तेवढं सोडून बाकी सगळं सुचतंय. म्हणून आधी ते बाकीचं.

दुर्गापूजा बरी गेली. आपल्या आळीचा मांडव या वर्षी एखाद्या बोटीसारखा केला होता. का ते कोणालाच माहीत नव्हतं, करणाऱ्या पोरांनाही नाही. ढाक वाजवणारे मात्र चांगले मिळाले. अष्टमीच्या पुष्पांजलीला मी सकाळी उपाशीपोटी उभा राहिलो आणि मंत्र निम्म्यावर आला असताना चक्कर आली. डॉक्टरांनी झापलं. म्हणाले, "पालधीबाबू, या वयात देवी उपासाचं विचारत नाही, साखरेचं विचारते." भोगाची खिचडी खाल्ली, लाबड्याची भाजी खाल्ली, गोड चटणीकडे नुसतं बघितलं.

मिलमध्ये होतो तेव्हा या चार दिवसांच्या सुट्टीसाठी जीव कसा टांगलेला असायचा, आठवतं? टाइम ऑफिसातलं ते कार्ड, तो भोंगा, आणि षष्ठीच्या संध्याकाळी फाटकातून पळत बाहेर पडणं. आता सगळेच दिवस सुट्टीचे, त्यामुळे सुट्टी म्हणून काही उरलेलीच नाही. सणाच्या दिवशी मी फक्त धुतलेला पंजाबी कुर्ता घालतो आणि दाढी करतो. रेणू होती तोवर ती नव्या धोतराचा हट्ट धरायची. ती गेल्यापासून नवं धोतर घेतलं नाही, कोणाला दाखवायचं?

दशमीला पाया पडायला निघालो तर लक्षात आलं की आता या गावात पडायला तीनच पाय उरलेत. दोन ननीपिशीचे आणि एक मास्टरमशायांचा. त्यांचा दुसरा साखरेनं नेला. मी हे त्यांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांच्या सुनेला पाणी आणावं लागलं. बाकी आता सगळे माझ्याच पाया पडतात. ओळीनं वाकतात, खारी निमकी खातात, नारळाचा लाडू तोंडात टाकतात आणि पुढच्या घरी जातात. कोणाच्या डोक्यावर हात ठेवला हे निम्म्या वेळा मला कळतसुद्धा नाही.

आत्ता समोरच्या घरची सून रस्त्यापासून माजघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढते आहे. मी खिडकीशी बसून लिहितोय. तिनं मघाशी विचारलं, "काकू असत्या तर तुमच्याकडेही काढली असती ना? मी काढून देऊ?" मी नको म्हटलं. मग वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

आता तुझ्या येण्याचं. मला वाटतं, या वर्षी नको. जगद्धात्रीच्या दिवसांत गाड्यांना किती गर्दी असते ते तुला ठाऊक आहे. हावड्याहून इथपर्यंत उभ्यानं यायचं, त्यात तुझा गुडघा. माझ्या वरच्या खोलीला ओल आली आहे. स्वयंपाकाची बाई पूजेत चार दिवस माहेरी जाते, मग दोन म्हाताऱ्यांनी काय मुरमुरे खाऊन राहायचं? त्यापेक्षा थंडीत ये. नव्या गुळाचे संदेश तरी खायला मिळतील.

मघाचं लिहून चहा करायला उठलो होतो. परत येऊन वाचलं. खोलीला ओल आहे हे खरं आहे, बाकी सगळे बहाणे आहेत. तुला उभ्यानं प्रवास करायला लागू नये म्हणून मी रायपूरला येऊन तुला धरून आणलं असतं, एवढी मला तुझी आठवण येते. तेव्हा आता हारूचं लिहितो.

त्या एका वाक्याबद्दल तू पानभर लिहिलं आहेस. मला आठवण करून द्यायची गरज नव्हती, मी तिथंच उभा होतो. हारूला शेजारच्या आळीपेक्षा उंच देवी हवी होती. गल्लीच्या वळणाचं माप तू घेतलं होतंस. विसर्जनाला निघालेल्या देवीचा मुकुट वळणावरच्या सज्जाला लागला आणि सगळ्या गावादेखत खाली आला. त्यानं तुझं माप काढलं, तू त्याची हाव काढलीस. इथपर्यंत ठीक होतं. देवीची उंची आणि दिवे यांवरून या गावात कोण भांडलेलं नाही? पण मग तू म्हणालास, "ज्याला स्वतःचं पोर घरात ठेवता आलं नाही, तो देवी काय सांभाळणार!" हारूचा टुकाई घर सोडून गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ढाक नेमके थांबले होते, त्यामुळे ते शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. हारू ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "यापुढे विजयेला माझ्या दारात येऊ नकोस." आणि तू खरंच गेला नाहीस. पुढं मिठूकडे रायपूरला निघालास तेव्हाही त्याच्या दारावरून गेलास, आत नाही गेलास.

तुम्ही दोघं बोलणं सोडून बसलात आणि मी तुमच्या मधे राहिलो. गंगेच्या काठावरच्या त्याच बाकावर मी रोज संध्याकाळी हारूशेजारी बसत आलो. तुझं नाव निघालं की तो नदीकडे बघायचा. मी विषय बदलायचो.

शिबू, हारूला आता आठवत नाही. सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही. आधी तो छत्री विसरायला लागला, मग घराचा रस्ता, मग जेवलोय की नाही ते. मी तुला कळवलं नाही, कारण मला वाटत होतं की आपल्या सगळ्यांचंच हे होतं. मग श्रावणात एका संध्याकाळी मी बाकाजवळ पोचलो तर हा म्हणतो, "काय रे शिबू, आज इतका उशीर?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. मी म्हटलं, "शिबू रायपूरला पोळ्या लाटतोय, मी मी आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं. मग आजूबाजूला बघितलं, आणि त्याचे ओठ थरथरायला लागले. बाजारात आईचा हात सुटलेल्या पोराचा चेहरा होतो ना, तसा. मी घाबरून म्हटलं, "अरे हो, उशीर झाला खरा." लगेच निवळला. शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

घरी सोडायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोला, मालती बौदीला सांगितलं. ती दिराला सांगावं तशी म्हणाली, "ठाकुरपो, त्यांना खोडून काढू नका. खोडलं की जेवत नाहीत. मला दोन दिवस आई म्हणत होते, मी ओ देते."

तेव्हापासून मी शिबू आहे. रोज संध्याकाळी. तो तुझ्या ओव्हरसियरच्या नोकरीबद्दल विचारतो, मी उत्तरं देतो. तू मॅच हरल्यावर नदीत बूट फेकले होतेस, ते मला सांगतो आणि 'तू फेकलेस' म्हणून माझ्या पाठीत थाप मारतो. मी हसतो. एखाद्या दिवशी तर मला ते बूट ओले होताना दिसतात.

आता दशमीचं ऐक. विसर्जन झालं, सगळे घरी परतले, मी त्याच्याकडे गेलो. बौदीनं वाटाण्यांची घुगनी केली होती. हारू धुतलेलं धोतर नेसून व्हरांड्यात बसला होता. मला बघून उठला, पण जवळ आला नाही. म्हणाला, "शिबू, आपलं मधे काहीतरी वाजलं होतं ना?"

मी म्हटलं, "वाजलं होतं."

"कशावरून रे?"

बौदी दाराशी वाटी घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "देवीच्या उंचीवरून."

"उंचीवरून!" तो इतका हसला की त्याला खोकला आला. "दोन घोडे आपण. उंचीवरून कोणी गळाभेट मोडतं का? ये इकडे." आणि त्यानं मला मिठी मारली. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे, अगदी रीतसर. सोडताना कानाशी म्हणाला, "तुझी फार वाट बघितली मी."

तू विचारलंस त्याचं उत्तर हे आहे. हारूनं तुला जवळ घेतलं. ती भेट तुझ्या नावची होती, घेतली मी. आणि टुकाईवरचं ते वाक्य मी त्याला सांगितलं नाही. त्यामुळे त्यानं जे माफ केलं ते तुझं मोठं पाप नव्हे, धाकटं. मोठं माफ करायला आता तिथं कोणी उरलेलं नाही. तू कितीही पाया पडलास तरी तो विचारील, 'कशाबद्दल?' हे मला तुला कळवायचं नव्हतं. म्हणून ती गर्दी, तो गुडघा, ती मुरमुऱ्यांची गोष्ट.

पण तेवढंच नाही. मिठी सुटल्यावर आम्ही घुगनी खायला बसलो. निम्मी वाटी संपवून हारूनं दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "लाट्टू नाही आला?"

मी घास तसाच धरून बसलो.

"तो हल्ली येतच नाही," हारू बौदीला सांगायला लागला. "शिबू भांडला तरी आला बघ. आणि त्या लाट्टूला मी काय केलं होतं? एकदासुद्धा फिरकत नाही. माणसं बदलतात."

बौदी पटकन आत गेली. मी म्हटलं, "येईल रे. कामात असेल." तो म्हणाला, "तू त्याची बाजू घेऊ नकोस." मग रुसून बसला आणि लाडू खाल्ला नाही.

शिबू, मी त्याच्या शेजारी बसलो होतो. माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागत होता. एवढी वर्षं त्याला पावसात घरी पोचवलं ते मी, टुकाईचा माग काढायला त्याच्याबरोबर दिल्लीला गेलो तो मी, आणि त्याच्या डोक्यात मी न येणारा माणूस आहे. तू त्याचं काळीज चिरलंस, गाव सोडून गेलास, तरी वाट तुझी बघितली जाते. मला तुझा हेवा वाटला. देवीच्या दशमीला, सत्तरी उलटल्यावर, मला माझ्या जिवलगाचा हेवा वाटला. घरी येऊन मी खूप रडलो. रेणूच्या फोटोकडे पाठ करून रडलो, कारण ती हसली असती.

तू नको येऊस असं वाटलं त्याचं खरं कारण हे. तू आलास तर शिबूची जागा तुझी होणार. मग मी त्या बाकावर कोण म्हणून बसू? लाट्टू म्हणून तो मला ओळखत नाही. तुझ्या नावानं का होईना, रोज एक माणूस मला बघून खूश होतो. तेवढंच आहे रे माझ्याकडे.

काल बौदीला हे बोललो. ती विळीवर नारळ खोवत होती, हात न थांबवता म्हणाली, "आणि खरे शिबूबाबू समोर बसले, तरी यांनी तुम्हालाच शिबू म्हटलं तर? मग ते बिचारे कुठं जातील?" मी याचा विचारच केला नव्हता. तू आता टकला झालास, दात बसवलेस. त्याच्या मनातला शिबू काळ्याभोर केसांचा आहे. त्या मानानं मी तुझ्यापेक्षा जास्त शिबू दिसतो.

"बोलवा त्यांना," ती म्हणाली. "यांचं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही तरी दोघं एकमेकांना ओळखाल."

तेव्हा तिकीट काढ. पूजेच्या आदल्या दिवसाचं काढ, म्हणजे गर्दी कमी. हारू तुला बघून बहुधा बावरेल. रडू नकोस, रडणाऱ्या माणसाला तो घाबरतो. माफी मागू नकोस. आणि मी त्याचा शिबू होऊन आधीच बाकावर बसलेला असलो, तर तुझ्याकडे बघून कदाचित तो म्हणेल, 'काय रे लाट्टू, आलास शेवटी!' म्हटलं तर ओ दे. मी तुझ्यासाठी दिली तशी दे. म्हण, उशीर झाला रे, पण आलो. तो मिठी मारील. माझ्या नावची ती भेट तू नीट घे, तिन्ही वेळा. मी शेजारी बसून बघेन.

मात्र स्टेशनवर उतरलास की त्याआधी मला हाक मार. लांब राहणारी नातवंडं मला दादू म्हणतात, गल्ली पालधीबाबू म्हणते, आणि हारू तुझ्या नावानं हाक मारतो. या पत्राखालचं नाव घेऊन मला हाक मारणारा आता तू एकटा आहेस. मोठ्यानं मार. उजव्या कानानं मला काही ऐकू येत नाही, आणि ही हाक चुकवायची नाही.

तुझा, तुझाच,
लाट्टू