तुऱ्याआधीची फवारणी

८ जून, रविवार. सकाळी ७.
मका पेरून झाला. दहा गुंठे, स्वीट कॉर्न. शेजारच्या पाच गुंठ्यांत महिनाअखेर सोयाबीन. आमच्या उमरठ गावात भात-नाचणीपलीकडे कोणी जात नाही, कारण महाडच्या केमिकल प्लँटमध्ये एकतीस वर्षं काढून रिटायर झालेला शिफ्ट इन्चार्ज आजवर उमरठात शेती करत नव्हता. आता करतोय.

हिचं म्हणणं, डोंबिवलीला सार्थककडे राहायला जाऊ. एकुलता एक मुलगा, सून चांगली, घर मोठं. माझं म्हणणं, इथेच. शेवटी करार झाला : गणपतीत घरच्या मक्यावर सगळ्यांना पोटभर खायला घातलं तर इथे राहायचं, नाही तर गाशा गुंडाळायचा. मी लगेच हो म्हटलं. करार जिंकल्यातच जमा आहे.

२ जुलै, बुधवार. सकाळी ६.१०.
पहिला ठिपका! तपकिरी, डाव्या बाजूच्या तिसऱ्या रोपावर. बुरशी. मला अपेक्षितच होती, एवढ्या दमट हवेत दुसरं काय येणार. बोट लावून पाहिलं तर ठिपका बोटावर आला. चिखल होता.

तरी सावध राहायला हवं. आज चिखल, उद्या बुरशी.

४ जुलै, शुक्रवार.
पोलादपूरला कृषी कार्यालयात जाऊन आलो. समीक्षा मॅडम म्हणून कृषी सहायक आहेत. वय पंचवीस-सव्वीस. त्यांनी सांगितलेले मुद्दे :
पीक लहान असताना बुरशीनाशक मारून उपयोग नाही. तुरा बाहेर पडला की पाहायचं. कणसाजवळच्या पानांवर निम्म्या झाडांना ठिपके दिसले आणि पाऊस-दमटपणा चालू असेल तर फवारणी परवडते. पानं स्वच्छ असतील तर औषध फुकट. सोयाबीनचं शेंगा धरायला लागल्यावर ठरवायचं. आणि चार ओळी फवारल्याशिवाय सोडायच्या, म्हणजे फरक कळतो.

मुलगी हुशार आहे, पण अनुभव कमी. रोग दिसेपर्यंत थांबायचं म्हणजे रिअ‍ॅक्टर तापल्यावर व्हॉल्व्ह शोधायचा. आमच्याकडे असं चालत नसे.

१४ जुलै, सोमवार.
एसटीने महाड. दुकानदार भरत. त्याने विचारलं, रोग कुठला? मी म्हटलं, सगळे. त्याने एक बाटली काढली. शिवाय पानावर औषध चिकटून राहावं म्हणून स्टिकर. तो म्हणाला, दादा, लेबल वाचून घ्या. एकतीस वर्षं लेबल वाचणाऱ्या माणसाला हे सांगतो.

परतीला शेजारच्या सीटवरच्या माणसाला बुरशीबद्दल माहिती दिली. तो पोलादपूर सोडून पुढे कापड्याला उतरला. तिकीट पोलादपूरचं होतं.

२० जुलै, रविवार. सकाळी ८.
शास्त्रीय पाहणी केली. पन्नास झाडं मोजली. सहा झाडांवर ठिपके, तेही जमिनीलगतच्या पानांवर. म्हणजे बारा टक्के. गेल्या रविवारी सहा टक्के होते. दर आठवड्याला दुप्पट! याच वेगाने गेलं तर पंधरा ऑगस्टपर्यंत शंभराच्या पुढे. शंभर टक्क्यांच्या पुढे रोग गेला तर काय होतं हे मॅडमना विचारायला हवं होतं.

हिला आकडे दाखवले. ती नाचणीच्या भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "खालची पानं सुकतातच. मॅडमनी तुरा आल्यावर बघा सांगितलं हाय ना?" हिला आकडे आवडत नाहीत.

२४ जुलै, गुरुवार. दुपारी १२.
दोन तास ऊन पडलं. संधी साधली. फवारणी पूर्ण!

पावसात धुऊन जाऊ नये म्हणून स्टिकर दुप्पट घातलं. तुरा अजून पानांतच आहे, पण मी तुऱ्याच्या तारखेला बांधील नाही. शेवटच्या चार ओळी राहिल्या, कारण पंपाची बॅटरी संपली. मग त्याच चार ओळींना पाटी लावली : 'न फवारलेला भाग – अभ्यासासाठी.' मॅडमही खूश होतील.

बांधावरून प्रयागबाई बघत होती. आमची शेजारीण, सत्तरीची, मला नावाने हाक मारणारी गावातली शेवटची बाई. म्हणाली, "दत्ता, तुरा तरी बाहेर पडू दे रे. पोर जन्माला यायच्या आधीच त्याला औषध पाजतोस का?" हसून सोडून दिलं. तिला फंगल सायकल कशी समजावणार.

१२.४०. पाऊस.

२ ऑगस्ट, शनिवार.
सगळीकडे तुरा. कणसाजवळची पानं तपासली. एकही ठिपका नाही! फवारणी शंभर टक्के यशस्वी.
न फवारलेल्या चार ओळीही स्वच्छ आहेत. वाऱ्याने औषध तिकडेही गेलं असणार.

१० ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.३०.
सोयाबीनच्या पानांना भोकं. बुरशीने पानं कुरतडायला सुरुवात केली. वेळ न घालवता औषध मारलं.

नऊ वाजता ही एक पान घेऊन आली. पानावर हिरवी अळी होती आणि ती आमच्यासमोर खात होती. मी म्हटलं, बुरशीमुळे पान मऊ पडलं, म्हणून अळी आली असावी. ही बांधाकडे गेली. प्रयागबाईला हाक मारून आणली. दोघींनी साबणाच्या पाण्याची बादली घेतली आणि अळ्या वेचायला बसल्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार.
दोघी अजून वेचतायत. भोकं थांबली. माझ्या औषधाचा परिणाम दोन दिवसांनी दिसतो हे आज सिद्ध झालं.

१८ ऑगस्ट, सोमवार.
कणसं सोलून पाहिली. अंगठ्याएवढी. बाहेरचं आवरण पूर्ण लांबीचं, आत बुटकं, बोथट कणीस. पाच सोलली, पाची तशीच. मग पंधरा सोलली.

हिने समीक्षा मॅडमना फोन केला. त्या गाडीवरून आल्या, रेनकोट काढायच्या आधीच शेतात गेल्या. फवारलेली कणसं पाहिली, चार ओळींतली पाहिली. चार ओळींत कणसं वीतभर, टोकापर्यंत भरलेली. मला विचारलं, तारीख? मी सांगितली. स्टिकर? मी सांगितलं. किती? मी जरा कमी करून सांगितलं. ही मागून म्हणाली, "दुप्पट."

मॅडमनी एक बुटकं कणीस हातात घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तुरा बाहेर पडायच्या आधी स्टिकर घालून मारलं की कधीकधी कणसाची वाढ थांबते. रोग तर तेव्हा नव्हताच."

त्या गेल्यावर बांधावर बसलो. नोकरीत एका ट्रेनीला मी सगळ्यांदेखत झापलं होतं, टाइमच्या आधी बॅचमध्ये काही घालायचं नाही म्हणून. तो रडवेला झाला होता. आज त्याचं नाव आठवेना. तासभर आठवत होतो.

ही चहा घेऊन आली. कप बांधावर ठेवून सोयाबीनकडे गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार.
विचारांती : दोष बियाण्याचा असू शकतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ९.
सोयाबीनला शेंगा धरल्या. ही रोज झाडं मोजते. माझ्याच वहीत, माझ्याच पेनाने. वरच्या पानांपर्यंत ठिपके चढलेत, आठवडाभर पाऊस सुटलेला नाही. पानाचे फोटो मॅडमना पाठवले. उत्तर आलं : "आता मारा. आता उपयोग होईल."

मी पंप उचलायला गेलो. जागेवर नव्हता. हिच्या पाठीवर होता. लेबल दोनदा वाचून घेतलं हिने, मोठ्याने. औषध मापाच्या झाकणाने मोजून. मला पाणी आणायचं काम. अकरा खेपा केल्या. ऑपरेशन माझ्या देखरेखीखाली पार पडलं.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.
सार्थक आणि सूनबाई सेजल काल आले. आरतीनंतर पातेलंभर मका उकडला. चार ओळींतला. सगळ्यांनी खाल्ला, आरतीला आलेल्या वाडीतल्या लोकांनीही. सेजल म्हणाली, बाबा, इतका गोड कॉर्न मॉलमध्येही मिळत नाही. मी लागवडीबद्दल दोन शब्द बोललो. 'अभ्यासाचा भाग' असा उल्लेख केला, तपशिलात गेलो नाही. ही परातीत मीठ-लिंबू ठेवत होती. माझ्याकडे बघितलं, आणि परात पुढे सरकवली.

बुटकी कणसं प्रयागबाईच्या म्हशीला गेली. धाटासकट खाल्ली तिने. मी उभा राहून पाहिलं. फवारलेल्या पिकाला मनापासून दाद देणारं एक तरी तोंड निघालं.

करारात 'घरच्या मक्यावर सगळ्यांना पोटभर' असं आहे. किती ओळींतला ते नाही. करार मी जिंकलो.

३ सप्टेंबर, बुधवार.
काल गौरी-गणपती गेले. आज सकाळी करार काढला. हिने लगेच मान्य केलं. म्हणाली, "जिंकलात. आपलं घर इथंच. मी कुठं जात नाय." डोळे भरून आले माझे. मग म्हणाली, "सोयाबीन काढायचं हाय. भाताच्या मागून प्रयागबाईच्या न् आपल्या शेतात वाल पेरायचे ठरलेत. तेवढे दोन महिने तुम्ही सार्थककडे आराम करा."

मी म्हटलं, मी? ती म्हणाली, "वाल रुजेपर्यंत."

सार्थकने माझी बॅग आधीच गाडीत ठेवली होती. प्रयागबाई निरोप द्यायला आली, फार प्रेमाने. एवढ्या प्रेमाने ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मॅडमचा मेसेज : "काका, प्रवास सुखाचा होवो."

वाटेत विचार केला. मोठ्या कंपन्यांत सीनियर माणसाला साइटवरून काढून हेड ऑफिसला घेतात. फोनवरून मार्गदर्शन करता येईल. रोज सकाळी सात वाजता कॉल.

८ सप्टेंबर, सोमवार. डोंबिवली. सकाळी ७.
हिचा फोन लागत नाही. सातला, सव्वासातला, साडेसातला. शेतात असणार.

बाल्कनीत सेजलची कढीपत्त्याची कुंडी आहे. आज नीट पाहिली. खालच्या दोन पानांवर तपकिरी ठिपके. वही काढली. एकूण पानं मोजायला बसलो, तर सेजल ऑफिसला निघता निघता बाल्कनीच्या दारात आली. म्हणाली, "बाबा, कुंडीला काही करू नका हं. आईंनी फोनवर बजावून सांगितलंय."

म्हणजे फोन लागतो.