करंगळीशेजारचं बोट

अण्णा, मी या वयात गिटारच्या क्लासला जाते. तुम्ही असता तर आधी पोटभर हसला असता आणि मग विचारलं असतं, "कोन शिकवतंय तुला? मी काय मेलोय व्हय?" तर हो. तुम्ही जाऊन आता तीस वर्षं होत आली, आणि मला शिकवणारी पोरगी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.

दर शनिवारी सकाळी मी शेवगावहून एसटी धरते. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. गिटार मांडीवर उभी धरून दोन तास बसायचं. शेजारची बाई कोण असेल ती विचारते, "नातवाची का?" मी म्हणते, "माझीच." मग ती खिडकीबाहेर बघते. क्लास एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली गिरणी सुरू झाली की वर फरशी थरथरते आणि कोपऱ्यात टेकवलेल्या गिटारी कुणी हात न लावता गुणगुणतात. पहिल्या दिवशी माझ्याशेजारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "आजी, तुम्ही पण नवीन का?" मी म्हटलं, "नाही गं, मी पंचेचाळीस वर्षांहून जास्त वाजवते." ती विचारात पडली. मग अगदी काळजीनं म्हणाली, "मग अजून येत नाही?"

काय सांगणार? येतं, पण हात दुखतो. गेल्या पावसाळ्यापासून डावं मनगट धरतंय. आधी मी तेल लावलं, मग शेक दिला, शेवटी डॉक्टरकडे गेले. त्यांनी विचारलं, काम काय करता. मी त्यांची लांब पट्टी उचलून गिटारसारखी धरून दाखवली. त्यांनी माझ्या बोटांकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तुमचा हात वाकडा पडतोय. नीट वाजवायला शिका, नाहीतर बंद करा. असंच चालू ठेवलं तर वर्षा-दोन वर्षांत मूठ वळायची नाही." बंद करा म्हणणं सोपं आहे. तुमच्या जावयांना जाऊन सहा वर्षं झाली, अण्णा. घर लहान आहे तरी मोठं वाटतं. रविवारी उपासनेत मी वाजवते, माझ्याशिवाय चर्चमध्ये वाजवणारं कुणी नाही, आणि त्या रविवारच्या भरवशावर माझे बाकीचे सहा दिवस निघतात. तुमचे जावई असताना दुसऱ्या बाकावर बसायचे आणि प्रत्येक गाण्याला चुकीच्या जागी मान डोलवायचे. मी त्यांना सांगून थकले. आता कुणी चुकीची मान डोलवत नाही, तरी माझं लक्ष त्या बाकाकडे जातंच. रविवारही गेला तर काय राहतं? म्हणून मी नगरची एसटी धरली.

तुमच्याकडून मी कशी शिकले ते त्या पोरीला सांगायचं म्हटलं तर स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागते. बाहेरच्या खोलीत तुमची दुरुस्तीला आलेली इंजिनं, डिझेलचा वास, पाय ठेवायला जागा नाही. म्हणून तुम्ही चुलीजवळ पाटावर बसता आणि खुंटीवरची गिटार काढता. आई भाकरी थापतेय. तुम्ही तिच्या थापण्यावर ठेका धरता, मग ती मुद्दाम हात थांबवते आणि म्हणते, "वाजवा आता, बघू." तुम्ही हसता. मी समोर बसून तुमच्या डाव्या हाताकडे बघते. त्या हातावर करंगळीशेजारच्या बोटाच्या जागी नुसतं खोड आहे. माझ्या जन्माआधी ते कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं. मी तो हात असाच पाहिला, त्यामुळे मला त्यात काही कमी आहे असं पहिली काही वर्षं वाटलंच नाही. तुमची करंगळी लांब ताणून त्या बोटाचं काम करायची, आणि मला वाटायचं, गिटार अशीच वाजवतात.

एकच गोष्ट करंगळीच्याही आवाक्यातली नव्हती. आपल्या आभाराच्या गाण्यात दुसऱ्या ओळीला एफचा कॉर्ड येतो. त्याला चारही बोटं लागतात. तीन बोटांत एक तार सुटी राहते आणि बेसूर ओरडते. म्हणून तुम्ही तिथं तारा दाबून धरायचात आणि अंगठ्यानं गिटारच्या पोटावर टप असा आवाज काढायचात. लोकांनी त्या टपला टाळी जोडली. पुढे ती गाण्याचाच भाग झाली. लहान पोरं शब्द शिकायच्या आधी ती टाळी शिकतात. लग्नात तुम्ही मला गिटार दिलीत आणि सासर शेजारच्याच वाडीत, चर्च दोन्हीकडचं एकच, म्हणून तो टप मी पुढे चालू ठेवला. आपल्या गावाबाहेर ते गाणं टाळीशिवाय म्हणतात, हे मला या वर्षी कळलं.

झालं असं की चौथ्या शनिवारी शिकवणारी म्हणाली, "काकू, तुमचं एखादं आवडतं गाणं वाजवा." मी आभाराचं वाजवलं. दुसऱ्या ओळीला तिनं हात वर केला.

"इथे का थांबलात?"

"थांबले नाही. टाळी आहे तिथं."

"गाण्यात टाळी नाहीये, काकू."

"आमच्यात आहे."

ती हसली. तिनं ती ओळ स्वतः वाजवली, आणि जिथं मी आयुष्यभर टप ऐकला तिथं भरगच्च सूर आला. शेणानं सारवलेल्या अंगणात कुणी अचानक गालिचा अंथरावा तसा. मग ती माझ्यासमोर येऊन बसली. माझा डावा हात हातात घेतला आणि तळव्याशी दुमडून बसलेलं बोट हळूच उघडलं.

"हे दुखतं का?"

"नाही."

"कधी मोडलं होतं?"

"नाही."

"मग वापरत का नाही?"

मी त्या बोटाकडे बघितलं. चांगलं धडधाकट बोट. त्यानं भाकरी थापलीय, सुई ओवलीय, शेतात खुरपं धरलंय. फक्त गिटार हातात घेतली की ते जाऊन लपतं. मी म्हटलं, "ते आमच्या वडिलांना नव्हतं." मला आधी हसू फुटलं, मग तिला, आणि ती नऊ वर्षांची मुलगी कशाला हसतात ते न कळताच खो खो हसायला लागली.

हसू एसटीत पाथर्डी फाट्यापर्यंत टिकलं. पुढे मला ते हसण्यासारखं वाटेना. तुमचा एकच फोटो आहे घरात, त्यात तुम्ही शाल पांघरलीय आणि हात शालीच्या आत आहेत. तुमचा हात कसा होता हे आता कुठं दिसतं तर माझ्या हातात. माझा सुधारून घेतला तर तुमचा कुठं राहिला? पुढचे दोन शनिवार मी गेले नाही. शिकवणारीचा फोन आला तर सांगितलं, घरात पाहुणे आहेत. पाहुणे कुणी नव्हते. मी ओट्याशी बसून वाचनालयातली पुस्तकं वाचत होते. शाळा चौथीत सुटली तरी सफाईनं वाचायचं मी माझं मीच शिकले, आधी गाण्याच्या पुस्तकावरून, मग वाण्याच्या पुड्यांवरून, त्यामुळे अडलं की पुस्तकात तोंड घालायची सवय आहे. पण या वेळी एकही पान पुढे सरकेना. मनगट ठणकत होतंच.

शेवटी मी आत्याकडे गेले. तुमची थोरली बहीण अजून आहे, अण्णा. नव्वदीच्या घरात गेलीय, ऐकू कमी येतं, पण बोलणं तसंच तिखट आहे. मी तिला सगळं सांगितलं, अर्धं ओरडून. मला एक गोष्ट लहानपणापासून सलत होती, तीही विचारली. तुम्ही शिकवताना एरवी कधी चिडायचा नाहीत, पण मी तुमच्या डाव्या हाताकडे बघितलं की एकदम ओरडायचात, "माझ्या हाताकडं काय बघती? त्याच्याकडं बघू नको म्हनलं ना!" एकदा तर गिटार खुंटीला लावून उठूनच गेलात. मला वाटायचं, तुम्हाला त्या बोटाची लाज वाटते. म्हणून मी चोरून बघायला शिकले, आणि तुम्ही माझ्याकडे वळलात की माझं बोट पटकन सरळ करायला. उगीच तुम्हाला वाईट वाटायला नको.

आत्या म्हणाली, "लाज? त्याला? आगं, बोट गेलं त्या दिशी फडकं बांधून माज्याकडं आला आन् काय म्हनला ठाव हाय का? 'आक्के, एफ गेला.' मला वाटलं, कोन मेलं आता! बोर्डिंगात असताना चारी बोटांनी लई झ्याक वाजवायचा तो."

"मग माझ्यावर का ओरडायचे?"

"तू त्याच्यावानी बोट दुमडायची म्हनून. मला म्हनायचा, पोरीला देवानं धा बोटं दिलीत आन् ती माझं बघून नऊनंच वाजवती. पन तू लबाड. त्यानं बघितलं की तुजं बोट सरळ. मग त्यो काय धरनार तुला?"

मी पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "रडती कशाला? चा टाक." मी रडत नव्हते, हसत होते, पण तिला नीट दिसत नाही. चहा टाकला. दोघी दोन दोन कप प्यायलो आणि तिनं मला आणखी एकदा लबाड म्हटलं.

पुढच्या शनिवारी मी शिकवणारीसमोर हात ठेवला आणि म्हटलं, "घे, कर सरळ." अण्णा, ते बोट म्हणजे जावई घरी आल्यासारखं. बसून राहणार, कामाला हात लावणार नाही. करंगळी तर ऐकायलाच तयार नाही, इतक्या वर्षांची जागा कशी सोडेल ती? तिला मागं ओढलं की मधलं बोट घसरतं. पहिला महिना मी त्या नऊ वर्षांच्या मुलीपेक्षा वाईट वाजवत होते आणि ती मला "जमेल, आजी, घाबरू नका" म्हणून धीर देत होती. एसटीत छत्रीच्या दांड्यावर बोटं बसवायची, रात्री जेवताना ताटाच्या काठावर. रविवारी मात्र जुन्याच हातानं वाजवायची, कारण लोकांसमोर अडखळायची हिंमत नव्हती. मग मनगट दुखायचं कमी झालं. एका शनिवारी, गिरणी बंद असताना, एफ वाजला. शिकवणारीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "परत वाजू दे, मग खरं." परत वाजला.

सुगीनंतरच्या आभाराच्या उपासनेला मी तो चर्चमध्ये वाजवला. कुणाला काही सांगितलं नव्हतं. पहिली ओळ गेली, दुसरी आली, बोटं आपापल्या जागी जाऊन बसली आणि सूर असा भरून निघाला की पुढच्या बाकावरच्या बाया चमकल्या. तरी टाळी आलीच. अख्ख्या चर्चनं दिली, सवयीनं, खणखणीत. अगदी पुढे बसलेल्या आत्यानं शेवटी पायऱ्यांवर मला काठीनं अडवलं. "टाळीच्या जाग्याला तू कायतरी वाजवलंस."

"एफ होता, आत्या."

"आला व्हय परत? ग्वाड वाटला. पन टाळी आमी सोडनार न्हाई, सांगून ठेवते."

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा मनात होतं की नाताळच्या आधी तुमची कबर चुन्यानं रंगवायला जाईन, तेव्हा हे कागद घडी करून तिथल्या दगडाखाली ठेवीन. पण आता ठेवणार नाही. इथंच, पुस्तकांच्या मागे राहतील. कारण एक गोष्ट वर लिहिली नाही, आणि ती तुम्ही वाचू नये असं वाटतं. ती ओळ वाजली तेव्हा मला तुमची आठवण आली नाही. दुसऱ्या बाकाकडेही मी बघितलं नाही. घरी येऊन पिठलं ढवळत होते तेव्हा कुठं ते ध्यानात आलं. त्या तेवढ्या वेळात तिथं फक्त मी होते, माझा हात होता, आणि मला फार बरं वाटत होतं.