पिंप आंबत असेल तर

मी, श्रीमती कुमुदिनी रायनर हाग, माहेरची कुमुदिनी गद्रे, मूळ गाव मिरज, वय एकोणसत्तर, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार झिंडेलफिंगेन, जर्मनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणी लिहायला बसवलेलं नाही. बसवायला घरात कोणी नाही.

१. मी राहते ते घर, तळघरातल्या खोलीसह, मी आणि माझे पती रायनर यांनी मिळून घेतलं. त्याच्या पश्चात ते संपूर्ण माझ्या नावावर आहे. ते आणि बँकेत जे काही निघेल ते माझी एकुलती एक मुलगी तनया, राहणार हांबुर्ग, हिला मिळावं. त्यासोबतची एक अट सहाव्या कलमात आहे.

२. देव्हारा आणि चांदीची समई ब्यॉब्लिंगेनच्या नैनाताईंना द्यावी. रायनर असताना दर महिन्याला आमचं त्यांच्याकडे जेवण असे. तो गेल्यावर त्यांनी दोनदा बोलावलं, मग बंद झालं. जोडप्यांच्या टेबलावर एकटी बाई कुठे बसवायची हा प्रश्न त्यांना पडला असावा. भांडण झालं नाही, म्हणून मिटवताही आलं नाही. समई त्या माझ्यापेक्षा नीट घासतात, हे मात्र खरं.

३. रायनरचे भाऊ योर्ग यांना काही देऊ नये. अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात ते तांब्याची कढई घेऊन गेले. हागांच्या घरातली बिअर हागांच्या माणसानेच करावी, असं जाताना म्हणाले. त्या बिअरचं यीस्ट लग्नापासून मी सांभाळत होते. रायनरने मोड आणलेल्या जवांचा माल्ट शिजवायचा, हॉप्सची कडू फुलं घालायची, आणि रस निवला की मला हाक मारायची. आईने विरजण लावायला शिकवलं तसंच मी ते लावायचे आणि भांडं हलवू द्यायचे नाही. योर्गना हे ठाऊक होतं. तरी कढई त्यांच्याकडेच राहू द्यावी. त्यांनी तिच्यात अजून काही शिजवलेलं नाही.

४. उरलेली भांडी, म्हणजे स्टीलचं मोठं पातेलं, आंबवायचं पिंप, रबरी नळी आणि झाकणाच्या बाटल्या, यांबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल.

रायनर गेल्यावर मी तळघराला कुलूप लावलं. सहा वर्षं ते तसंच होतं. गेल्या हिवाळ्यात तळघरातली पाण्याची नळी फुटली आणि इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या हाउसफरवाल्टुंगने सगळ्यांना सामान हलवायला सांगितलं. मी भांडी एकेक करून वर आणली. नळी दुरुस्त झाली, पण ती परत खाली नेववेनात. आठवडाभर ती जेवणाच्या टेबलाशी मांडलेली होती आणि मी त्यांच्याशेजारी बसून जेवत होते. शेवटी माल्ट मागवला.

पहिला घाणा आंबट झाला. हात विसरले होते; नळी नीट उकळून घेतली नव्हती. सगळं ओतून दिलं. त्या रविवारी तनयाचा फोन आला तेव्हा मी तिला सांगितलं, पुन्हा बिअर करायला घेतली आहे. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. आमचं असंच चालतं.

“फ्यूर वेन, ममा?” तिने विचारलं. कोणासाठी?

तिने कुत्सितपणे विचारलं नव्हतं. दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

दुसरा घाणा साधला. पिंप स्वयंपाकघरात होतं, आणि झाकणावरच्या नळीतून बुडबुडे येत त्याचा आवाज मला झोपायच्या खोलीत ऐकू यायचा. त्या दिवसांत मी रेडिओ लावला नाही. पण ही भांडी दोघांच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हिशेबाची. पेलाभर बिअर त्यात करता येत नाही. बाटल्या भरून भिंतीशी ओळीने उभ्या केल्या आणि कोणासाठी ते तेव्हा कळलं: कोणासाठीच नाही.

मग केरवोखेची, म्हणजे जिना झाडायची, माझी पाळी आली, तेव्हा झाडताझाडता प्रत्येक दाराशी एक बाटली ठेवली. आठवडाभरात एक सोडून सगळ्या परत आल्या, रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या. दोघांनी ‘डांके’, म्हणजे आभार, असं लिहून चिकटवलं होतं. बेल कोणी वाजवली नाही.

५. बेल वाजवली ती तिसऱ्या मजल्यावरच्या धम्मदीपा मेश्राम यांनी. त्या नागपूरच्या, बॅटरीवर संशोधन करतात. जिन्यात हॅलोपलीकडे आम्ही कधी बोललो नव्हतो. त्यांच्या हातात भरलेली बाटली होती.

“काकू, मी पंचशील पाळते, घेत नाही,” त्या म्हणाल्या. “पण नुसती दाराशी ठेवून जाणं बरं वाटेना.”

मी आत बोलावलं. त्या कोपऱ्यातल्या लाकडी बाकावर बसल्या. बिअर कशी होते ते विचारलं, आणि पुढच्या वेळी शिजवेन तेव्हा येऊ का, असंही. त्या आल्या. दर घाण्याला येऊ लागल्या. जी कधी चाखायची नाही ती बिअर ढवळायला मदत करायच्या आणि आपल्या आईच्या, गयाबाईंच्या गोष्टी सांगायच्या. मी त्यांना अगं-तुगं कधी करू लागले ते आठवत नाही.

आता तिला इंगोलश्टाटला नोकरी लागली आहे. पुढच्या महिन्यात ती जाईल. मी अभिनंदन केलं.

ते बाक मला तिच्या नावे ठेवायचं होतं. पण साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असं म्हणतात, आणि या इमारतीत मराठी वाचणारी तीच एक. जर्मन कायद्याला हाताने लिहिलेल्या मृत्युपत्रावर साक्षीदार लागत नाही. मला हवा होता. म्हणून बाक मी तिला आजच देऊन टाकलं आहे. तो कोपरा आता रिकामा आहे.

६. अट अशी: माझ्या मृत्यूच्या वेळी पिंपात बिअर आंबत असेल, तर ती ओतून देऊ नये. ती होईपर्यंत तनयाने या घरात राहावं आणि मगच घर आणि भांडी विकावीत किंवा काय ते करावं. तिने काही करायचं नाही. बुडबुडे थांबले की बाटल्या भरायच्या, एवढंच. हांबुर्गला वृद्धांच्या घरात राहायला चल, असं ती दोन वर्षं म्हणते आहे. तिथे पिंप ठेवू देत नाहीत.

हे कलम मी तिला फोनवर वाचून दाखवलं. मग तिने विचारलं, किती दिवस लागतात. मी म्हटलं, बाटल्यांत मुरण्यासकट चार आठवडे.

चार आठवड्यांची रजा मिळत नाही, ती जर्मनमध्ये म्हणाली. मी बरं म्हटलं. तिने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने मराठीत म्हणाली, “दोन मिळेल, आई.”

म्हणून इथे दोन आठवडे असं धरावं. उरलेले दोन बाटल्या अंधारात एकट्या राहतील. बिअरला तेवढं चालतं.

वर लिहिलेलं मी पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं, ते माझंच आहे, आणि याआधी मी असं काही लिहिलेलं नाही.

स्थळ: झिंडेलफिंगेन
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२६

(सही) कुमुदिनी हाग

साक्षीदार: यांनी माझ्यासमोर सही केली.
(सही) धम्मदीपा मेश्राम, तिसरा मजला

साक्षीदार: मजकूर वाचता आला नाही, सही करताना पाहिलं.
(सही) हिल्डेगार्ड हेबर्ले, तळमजला