त्रेचाळीस बायकांच्या जबान्या

मी, सुहासिनी नरहर परतूरकर, वय एकाहत्तर, निवृत्त प्राध्यापक, राहणार जुना जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. रक्तदाब वाढलेला आहे, पण त्याचं कारण खाली येईलच.

१. माझा दोन खोल्यांचा फ्लॅट व बँकेतली ठेव भाची अंतरा हिला. फ्रिजचं दार जरा उचलून लावावं लागतं, हे तिला माहीत आहे.

२. निवृत्तीच्या सत्कारातली शाल माझा स्वयंपाक करणाऱ्या कांताबाईंना. पोतेरं केलं तरी माझी हरकत नाही.

३. माझा विद्यार्थी निखिल सोनटक्के यास काहीही नाही. कारण लिहिते, नाहीतर म्हातारी विसरली असं सांगत फिरेल. तीस वर्षं मी एकच गोष्ट मोजली. एकाच आरोपाखाली माझ्या जातीची बाई किती दिवस तुरुंगात राहते आणि पारधी बाई किती. त्रेचाळीस पारधी बायका माझ्याशी बोलल्या. वहीत प्रत्येकीला फक्त क्रमांक, नावांची यादी वेगळी, कुलपात. नाव कुणाला कळणार नाही, या माझ्या शब्दावर त्या बोलल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना कपाटाची किल्ली मी निखिलला दिली. सहा वर्षं माझ्या ताटात जेवलेला पोरगा, त्याने त्या यादीची नक्कल वस्त्यांसकट पोलिसांच्या गुन्हे रोखण्याच्या कुठल्याशा प्रकल्पाला दिली आणि तिथेच नोकरी धरली. राजूरकडे एक मंगळसूत्र चोरीला गेलं तेव्हा पोलिसांनी यादीतल्या सतरा क्रमांकाच्या बाईला उचललं. अकरा दिवसांनी सोडलं, चोर दुसराच निघाला. मी जाब विचारला तर म्हणतो, “मॅडम, डेटा नुसता पडून काय कामाचा?” या माणसाला मी पोटच्या पोरासारखं धरलं होतं, हे लिहिताना लाज वाटते.

४. यादी त्याच्याकडे आहे, वही अजून माझ्याकडे आहे. कोणत्या हवालदाराने काय केलं, हे त्या वहीत आहे. दोन्ही एकत्र आली तर कोण काय बोललं ते उघडं पडेल. माझ्यानंतर वही आपल्याला मिळावी, असा त्याचा लेखी अर्ज आला आहे. बिलकुल द्यायची नाही. अंतराने स्वतः वस्तीवर जाऊन प्रत्येकीचं पान तिच्याच हातात द्यावं, टपालाने नाही. माझ्याकडची यादी मी जाळली आहे. सगळी नावं अंतराकडून पाठ करून घेतली, त्याला तीन रविवार लागले.

५. सतरा क्रमांकाच्या बाईला फ्लॅटचा अर्धा हिस्सा द्यावा, असं मनात होतं. मागच्या आठवड्यात तिच्या दारात जाऊन तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “मंग त्या कागदावर माझं नाव लिहावं लागंल ना?”

म्हटलं, लागेल.

“तर न्हाई. घर ऱ्हाऊ द्या, म्याडम. मागच्या टायमाला बी तुमीच लिहून घेतल्तं.”

निखिलचं नाव तिने एकदाही काढलं नाही. शब्द तिला मी दिला होता. सबब या कलमान्वये कुणास काहीही देणे नाही.

सही: सुहासिनी नरहर परतूरकर
आमच्यासमक्ष सही केली:
१. भागवत रखमाजी घुगे, शेजारी, निवृत्त कोर्ट कारकून
२. डॉ. शीतल कल्याण मुळे, नेत्रतज्ज्ञ
जालना, ११ नोव्हेंबर २०२४