निष्क्रिय वाहक

प्रिय बंड्या,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. लग्नाची गडबड असेल, कबूल. पण सख्ख्या बहिणीशी दोन शब्द बोलू नयेत इतका काही तू मोठा साहेब झालेला नाहीस.

दादाला घरी आणलंय. पोटात पाणी भरतं, डोळे हळदीसारखे पिवळे, जीभ मात्र तशीच. वहिनी पलंगाच्या कडेला टेकली तर म्हणतो, "पुढे सरका, मागचे उभे आहेत." ती हसली आणि मोरीत जाऊन रडली.

आई गेल्यावर आपल्या तिघांचं रक्त तपासलं, आठवतं? तिच्याकडून जन्मतःच आलेलं हिपॅटायटिस बी तुम्हा दोघा भावांत निघालं, मी तेवढी सुटले. डॉक्टर दादाला म्हणाले, तुम्ही निष्क्रिय वाहक आहात. उभा जन्म बसवर वाहक म्हणून काढलेला माणूस तो! डेपोभर सांगत सुटला, मी काम करत नाही हे डॉक्टरांनीसुद्धा ओळखलं. आपण पोट धरधरून हसलो. विषाणू आज गप्प आहे, औषध नको, पण दर सहा महिन्यांनी तपासा, हे त्यांचं पुढचं बोलणं त्या हसण्यात वाहून गेलं. तो विषाणू कधी जागा झाला, लिव्हर कधी निबर झालं, त्यात कॅन्सरची गाठ कधी धरली, कुणाला पत्ता लागला नाही. दादाचं काही दुखतच नव्हतं रे.

तुला डॉक्टर इतकी वर्षं थांबा म्हणाले, ते तेव्हा बरोबरच होतं. आता विषाणू वाढलाय, लिव्हरला सूज आहे, तेच डॉक्टर औषध सुरू करा म्हणतात. आणि तू मला मागच्या फोनवर सांगतोस, लग्न होऊ दे, मला काही होत नाही, एकदा धरली की जन्मभर गोळी. होणाऱ्या बायकोला कळेल याची भीती वाटते ना? सांगून टाक. ती लस घेईल. लपवलंस तर मात्र मी तुझ्या बाजूने उभी राहणार नाही.

काल डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता थोडेच दिवस. मी दादाला म्हटलं, बंड्याला बोलावते. तर म्हणाला, "आधी गोळी सुरू कर म्हणावं, मगच ये. नाहीतर मला त्याच्याकडे बघवणार नाही." म्हणून हे पत्र. गोळी घे आणि लगेच निघ. न घेता, घेतली असं सांगत येऊ नकोस. तो विचारणार, आणि त्याच्याशी खोटं बोललेलं तुला जन्मभर पचणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई